सतरा नंबरची वाट

मिरजेच्या कृष्णा-वारणा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाच महिन्यांत एकही माणूस वाट चुकला नव्हता. तरीही तक्रार आली.

तक्रार करणारे तपासणी समितीतले एक गृहस्थ होते. मुख्य दारातून आत शिरून ते फलकांवरच्या बाणांमागून चालत मराठी विभागापर्यंत पोचले आणि तिथे उभं राहून त्यांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती. मग इमारतीच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की हा मधला बोळ सरळ जातो, दीड मिनिटात माणूस पोचेल, तर तुमचे बाण लोकांना मागून प्रदक्षिणा का घालायला लावतात? सगळे मिळून तो बोळ बघायला गेले. बोळ चांगला रुंद होता, उजेड होता, आणि फरशीवर बोटभर धूळ होती. झाडणारं यंत्र जिथे पावलं पडतात तिथेच फिरायचं. या बोळात पाच महिन्यांत पाऊलच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल डॉ. अनुजा भिलवडे यांनी मल्लिकार्जुन कोरेंना बोलावून घेतलं. ते फलक पाच महिन्यांपूर्वी कोरेंनी बसवले होते. भिलवडेबाई चाळिशीच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. समिती पंधरा दिवसांनी परत येणार होती. तोवर एक तर बाण सरळ करायचे, नाहीतर लांबची वाटच बरोबर का आहे, ते लिहून द्यायचं. कोरे बघतो म्हणाले.

कोरेंची त्रेसष्ट वर्षं झाली होती आणि त्यातली चाळीसेक पाट्यांत गेली होती. विशीत ते ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग फ्लेक्स आला, मग संगणकावर अक्षरं कापणं आलं. या ग्रंथालयाच्या जुन्या पाट्याही त्यांच्याच हातच्या होत्या, निळ्यावर पांढऱ्या. आता २०४१ साली त्या निघाल्या आणि फलक आले. कोरेंनी कुरकुर केली नाही. साधन बदललं की शिकून घ्यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

फलक समजून घ्यायला अवघड नव्हता. पूर्वी जत्रेत देवाची एक तसबीर मिळायची, इकडून पाहिली तर शंकर दिसायचा आणि तिकडून पार्वती. काचेवर बारीक उभ्या रेघा असायच्या आणि प्रत्येक रेघ दोन दिशांना दोन चित्रं पाठवायची. हा फलक त्या तसबिरीचा पणतू. त्याच्या अंगावर लाखो बारीक भिंगं होती आणि प्रत्येक भिंग शेकडो दिशांना वेगवेगळा प्रकाश पाठवू शकायचं. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या दोघांपैकी एकाला कन्नड ग्रंथांकडचा बाण दिसायचा आणि दुसऱ्याला प्रसाधनगृहाचा. दारात काय हवं ते सांगितलं, की पुढे प्रत्येक वळणावर फलक फक्त तुमच्याशी बोलायचा.

बाण कुठे वळवायचा, ते मात्र फरशी शिकवायची. सहा वर्षांपूर्वी, आग लागली तर आत किती माणसं आहेत ते कळावं म्हणून, सगळ्या फरशीखाली एक पातळ पापुद्रा घातला होता. त्यावर पाय पडला, की कणभर वीज तयार व्हायची आणि तिची नोंद व्हायची. माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते. कोण किती टाच टेकवतं, कोणाचं पाऊल किती लांब पडतं, यावरून यंत्र एकेकाला वेगळं ओळखायचं. नावं त्याला माहीत नव्हती. नंबर होते.

या नोंदींमधून यंत्राने वाटा शिकायच्या, तर कुणाचं ऐकून शिकायच्या, हा प्रश्न होता. तो नियम कोरेंनी स्वतः घालून दिला होता. अनोळखी गावात पत्ता विचारायचा तर चौकात रेंगाळणाऱ्याला विचारू नये, न थांबता चाललेल्याला विचारावा. ज्याचं पाऊल अडखळत नाही, त्याला वाट माहीत असते. नियम सगळ्यांना पटला होता.

तिथेच गोम होती, हे कोरेंना नोंदी उघडल्यावर तासाभरात कळलं. मधल्या बोळात नोकरभरतीच्या जाहिरातींचा फळा होता. फलक येण्याआधी जो तो तिथे थांबायचा, वाचायचा, मागे फिरून परत वाचायचा. फरशीच्या लेखी ती सगळी वाट चुकलेली माणसं होती. उलट मागच्या वाटेवरून एक जण दिवसातून चाळीस वेळा जायचा, कुठेही न अडखळता, मागे न फिरता. यंत्राने त्याचं ऐकलं होतं. आणि बाण मागे वळल्यावर चार हजार माणसं त्याच्यामागून बिनधास्त चालायला लागली, म्हणजे यंत्राची आणखीच खात्री पटली.

तो नंबर सतरा होता.

कोरेंनी सतराच्या नोंदी काढल्या. पावलं आखूड होती. डावा पाय जरा हलका पडायचा. सकाळी दहाला दहा कमी असताना पहिलं पाऊल, सोमवारी मात्र सव्वा तास उशिरा. अकराला, चहाच्या वेळी, मागच्या खिडकीपाशी नऊ मिनिटं मुक्काम, दिवसातला तेवढा एकच. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, एकोणीस जानेवारीची, दुपारी सव्वातीनची. पावलं जड, दारापर्यंत, आणि मग काही नाही.

एकोणीस जानेवारीला दुपारी सव्वातीनला कोरे स्वतः दाराबाहेर स्कूटर घेऊन उभे होते. त्यांच्या बायकोला, महानंदाला, ताप होता म्हणून काउंटरवरच्या हसीनाबाईंनी फोन केला होता. त्यानंतर ती ग्रंथालयात आली नाही. अकरा दिवसांनी गेली.

सव्वीस वर्षं ती इथे परिचर होती. परत आलेली पुस्तकं हातावर घ्यायची आणि जागच्या जागी लावायची, हे तिचं काम. डाव्या पायाचं हाड लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर मोडलं होतं. सोमवारी देवळातून यायची. कोरेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडे तेच होते.

ते उठले, मुख्य दारापाशी गेले आणि यंत्राला म्हणाले, मराठी विभाग. बाण उजळला. त्यांनी चालायला सुरुवात केली. नकाशांची कपाटं, बांधीव मासिकांच्या रांगा, मागची खिडकी, तिथून डावीकडे. हे सगळे फलक त्यांनीच बसवले होते आणि या वाटेवरून ते शंभरदा गेले होते. पण तेव्हा ही कुणाची वाट आहे ते माहीत नव्हतं. पुढे एक प्राध्यापक चालले होते, मागून तीन मुली गप्पा मारत येत होत्या. सगळे महानंदाच्या मागून चालले होते. कोरेंना हसू आलं. घरी जाऊन त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या.

मग ते रोज यायला लागले. सकाळी लवकर आवरायचे, स्कूटर काढायचे. भिलवडेबाईंनी विचारलं तर काम चालू आहे म्हणायचे. काम चालू होतं, पण बाण सरळ करायचं नव्हतं. कोरे लांबची वाटच बरोबर का, ते लिहीत होते. मागच्या वाटेवर नैसर्गिक उजेड आहे, वाटेत मासिकं दिसतात, माणसांची गर्दी विभागली जाते, वगैरे. तीन पानं झाली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही खरं कारण नव्हतं. दुसरा उपाय त्यांना माहीत होता. सतराच्या नोंदी आणि त्यांच्यामागून चाललेले पाच महिने काढून टाकले, की यंत्र दोन दिवसांत सरळ वाट शिकलं असतं. पण काढलेली नोंद जवळ ठेवायची नाही, असा कायदा होता. काढली की ती कायमची गेली.

देवघेव काउंटरवर हसीना मुजावर बसायच्या. महानंदाच्या त्या जवळच्या मैत्रीण, आणि म्हणून कोरे त्यांचे भावजी. पाच महिन्यांत त्यांना कुणी एकदाही काही कुठे आहे म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्याचा राग त्या कोरेंवर काढायच्या. पूर्वी पत्ता विचारायच्या निमित्ताने माणसं चार शब्द बोलायची, आता सगळे तोंड वर करून बाण बघत जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. आठवडाभर कोरेंच्या फेऱ्या बघितल्यावर एका दुपारी त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

"काय ओ भावजी, आपल्याच पाट्यांमागून रोज दहा-दहा फेऱ्या? वाट विसरताय का व्यायाम करताय?"

कोरेंनी सांगून टाकलं. सतरा नंबर, सोमवार, खिडकी, सगळं. मग कोरे म्हणाले, एवढंच कळत नाही, की ती मागून का जायची. हातावर पुस्तकांचा ढीग, पाय दुखरा, आणि सरळ वाट सोडून एवढा वळसा. खिडकी आवडायची म्हणून?

हसीनाबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी कोरेंना वाटलं, त्या रडतायत. त्या हसत होत्या.

"खिडकी कसली. तुमच्या चपला ओ, भावजी."

"माझ्या?"

"तुम्ही कोल्हापुरातनं आणलेल्या. कर्र कर्र वाजणाऱ्या."

कोरेंना आठवलं. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा, ती इथे कामाला लागली त्याच वर्षी, त्यांनी त्या आणल्या होत्या. तळाच्या दोन थरांमध्ये कसल्याशा बिया घालून शिवलेल्या, पाऊल टाकलं की वाजणाऱ्या. जितकी जास्त वाजेल तितकी चांगली चप्पल, असं मोचीने सांगितलं होतं आणि कोरेंनी दुकानातली सगळ्यात मोठ्याने वाजणारी निवडली होती. झिजली, की पुन्हा तशीच आणायचे.

मधल्या बोळात अभ्यासिकेच्या खिडक्या होत्या. आत स्पर्धा परीक्षेची मुलं बसायची. पहिल्याच दिवशी महानंदा बोळातून गेली आणि साठ माना वर झाल्या. हसीनाबाईंनी तिला किती वेळा सांगितलं होतं, की कामावर येताना साध्या चपला घाल. ती म्हणायची, यांनी हौसेने आणल्यात, पायात दिसल्या नाहीत तर त्यांना वाईट वाटेल. मुलांनाही त्रास नको. मग मी मागून जाते, माझं काय बिघडतंय.

"सव्वीस वर्षं वळसा घातला बघा तिनं," हसीनाबाई म्हणाल्या, "आणि आता अख्खं विद्यापीठ घालतंय. तुमच्या हौसेपायी."

कोरे इतके हसले, की चहा सांडला. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. फरशीला तिची पावलं कळली होती, पण आवाज कळला नव्हता. घरी जाताना त्यांना मध्येच वाईटही वाटलं. एवढ्या वर्षांत तिने एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी तिला दुसऱ्या आणल्या असत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी तीन पानांना चौथं जोडलं. मागच्या वाटेमुळे अभ्यासिकेत शांतता राहते. आता खरं कारणही हाती आलं होतं. भिलवडेबाईंनी कागद वाचले, त्यांना पटले. समितीला हे चालेल, म्हणाल्या. कोरेंच्या मनावरचं ओझं उतरलं. महानंदाची वाट राहणार होती.

समिती यायला तीन दिवस राहिले होते. कोरे मागच्या खिडकीपाशी आले, तर तिथल्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. तिशीची असेल. दोन कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. कोरेंनी पाणी हवंय का विचारलं. ती नको म्हणाली, फक्त दम खात होती. तिचं नाव तेजल आवळे. ओव्यांवर पीएच.डी. करत होती आणि तिला लागणारी सगळी पुस्तकं मराठी विभागात होती. दिवसातून दोन फेऱ्या झेपतात, ती म्हणाली, तिसरी केली तर रात्री काखा सोलवटतात. म्हणून सकाळी घरीच यादी करून येते आणि त्यात एखादं राहिलं, तर ते उद्यावर टाकते. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. ग्रंथालय मोठं आहे, अंतर असणारच, असं ती धरून चालली होती.

कोरे म्हणाले, "मधल्या बोळातून का नाही जात? निम्म्याहून कमी पडतं."

"कुठला बोळ?"

कोरेंनी हात करून दाखवला. तेजलने तिकडे पाहिलं, मग फलकाकडे पाहिलं.

"मला तिकडे कधी बाणच दिसला नाही, काका. मला वाटलं, ते बंद असेल."

"कुणाला विचारायचं."

"कुणाला विचारणार? सगळ्यांना हेच दिसतं."

ती उठली, कुबड्या काखेत घेतल्या आणि बाणामागून मागच्याच वाटेने पुढे गेली. तिथून आता तेच जवळ होतं. कोरे स्टुलावर बसले. महानंदाला कुणी हे सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, याचा विचार करायला त्यांना वेळ लागला नाही. ती चपला हातात घेऊन त्या मुलीबरोबर बोळातून चालत गेली असती. ती लोकांना वळसा घालायला लावत नव्हती. ती स्वतः वळसा घालत होती, तोही कारण माहीत असून. ही चार हजार माणसं विनाकारण चालत होती, आणि दुसरी वाट आहे हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते न सांगण्याचं काम कोरेंच्या पाट्या करत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीची पाटी लावली नव्हती असं नाही, पण चूक कळल्यावर कधी राहू दिली नव्हती.

ते भिलवडेबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. चार पानं परत मागितली. बाईंनी कागदांवर हात ठेवला.

"काका, तिच्यापुरती सरळ वाट दाखवता येईल की. बाकीच्यांना राहू दे मागून. तेवढ्यासाठी सगळं काढायची गरज नाही."

"तिच्यासारखं आणखी कोण आहे, ते आपल्याला काय माहीत, मॅडम? ही तरी कुठे सांगत आली होती?"

"नोंद परत मिळणार नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

यंत्राने दोनदा विचारलं, नंबर सतरा काढायचा का. कोरेंनी दोनदा हो म्हटलं. पडद्यावरच्या ओळी वरून खाली गेल्या, सहा वर्षांपूर्वीचा पहिला दिवस, सोमवार, अकराची खिडकी, एकोणीस जानेवारी, आणि पडदा रिकामा झाला. बाईंनी दार ओढून घेतलं आणि त्यांना थोडा वेळ एकट्याला बसू दिलं. पाऊण तासाने कोरे बाहेर आले ते थेट बाजारात गेले. प्लायवूडचा तुकडा, निळा ऑइलपेंट, पांढरा ऑइलपेंट, आणि दोन नंबरचा ब्रश.

लांबूनही वाचता यावीत म्हणून अक्षरं मोठी काढली. वळणाच्या तोंडाशी, फलकाच्या खाली, त्यांनी ती पाटी दोन स्क्रूंनी घट्ट बसवली. ती सगळ्यांना एकच दिसत होती, कुठूनही बघा:

सरळ वाट जवळची आहे. खिडक्यांच्या आत मुलं अभ्यास करतात. चपला वाजत असतील तर मागून जावे.

दोन दिवसांत बाण सरळ झाले. झाडणारं यंत्र बोळात शिरलं. समितीचे गृहस्थ आले, घड्याळ लावून दीड मिनिटात पोचले, खूश झाले. मग परत येऊन पाटीसमोर उभे राहिले. त्यांचे बूट नवे होते. त्यांनी एक पाय उचलला, टेकवला, परत उचलला, आणि मागच्या वाटेला लागले. मागून येणाऱ्या दोन मुलांनी पाटी वाचली, एकमेकांच्या पायांकडे बघितलं. एकाच्या सँडलचं बक्कल वाजत होतं. दुसरा त्याला म्हणाला, जा आता मागून, आणि स्वतः सरळ गेला. हसीनाबाई काउंटरवरून हे बघत होत्या. सकाळपासून तिघांनी येऊन त्यांना विचारलं होतं, की ती पाटी खरी आहे का, आणि त्या प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलल्या होत्या.

तेजल आली तेव्हा कोरे पाटीचा एक स्क्रू पिळत होते. तिने पाटी वाचली आणि थबकली.

"काका, माझ्या काठ्या वाजतात. मी कुठून जाऊ?"

"सरळ जा," कोरे म्हणाले. "मी चपला लिहिलंय."

ती हसली. टक टक करत बोळात शिरली. अभ्यासिकेच्या खिडकीतून दोन-चार माना वर झाल्या आणि खाली गेल्या. तिसऱ्या खिडकीपाशी एका मुलाने आतून हात हलवला. ती पलीकडे पोचेपर्यंत कोरे बघत राहिले.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. त्यांनाही मराठी विभागातल्या फलकाची काच पुसायची होती. वळणाशी आल्यावर पाय आपोआप मागच्या बाजूला वळले आणि ते थांबले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चपला रबरी होत्या, मऊ, अजिबात न वाजणाऱ्या. मागून जायला काही कारण नव्हतं.

कोरे सरळ निघाले.